हात लांब

दत्ता, काल तुझ्या जागेवर मी उभा राहिलो. हौसेने नाही, हे आधीच सांगतो. वहिनींनी तुझी निळी टोपी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "भावोजी, ह्यांनी सांगून ठेवलंय, यंदा तुम्ही जाणार." म्हणजे माझ्या वतीने तू परस्पर कबूल करून टाकलंस, आणि मग निघून गेलास. तुला जाऊन अजून चाळीस दिवसही झाले नाहीत. तुझ्याशी भांडायची सवय मात्र माझी सुटलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो. डिलाईल रोडला शोकसभा झाली तेव्हा सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मीही बोललो. आता खरं बोलतो.

खरं हे की गेली काही वर्षं मी तुझ्यावर जळत होतो. साठी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून फिरणाऱ्या माणसाने असं कबूल करणं बरं दिसत नाही. पण तू गेलास आणि तरी ते जळणं काही गेलं नाही. उलट काल वाढलं.

सुरुवात तूच केलीस. काही वर्षांपूर्वी एका रविवारी तू गिरगावात लेकीकडे मुक्कामाला होतास. सकाळी चौपाटीवर फिरायला गेलास तर रस्ता बंद, कठडे लावलेले, पोलीस उभे. रंगीत टोप्या घातलेली माणसं समुद्रात पोहत होती. ती बाहेर आली, ओल्या अंगाने सायकलीवर बसली, नव्वद किलोमीटर चालवून परत आली, आणि मग मरीन ड्राइव्हवर पळायला लागली, तेही चार फेऱ्यांत एकवीस किलोमीटर. एका माणसाने एका दिवसात हे तिन्ही करायचं, आणि दिलेल्या वेळेच्या आत करायचं. दुपारी तुझा फोन आला. "विल्या, इथं माणसं मरायला टेकलीत आणि बघायला कोण नाय रे," म्हणालास. मी जेवत होतो. म्हटलं, ऊन लागेल, घरी जा. तू शेवटचा माणूस येईपर्यंत गेला नाहीस.

दुसऱ्या वर्षी मला ओढून नेलंस. पिशवीत काय काय घेतलं होतंस: अर्धी चिरलेली लिंबं, मीठ, ग्लुकोजची बाटली, ओला नॅपकिन. आपल्या कबड्डीच्या सामन्यांना मध्यंतरात न्यायचास तीच पिशवी, चाळीस वर्षांनी पुन्हा भरलेली. वळणावरच्या दिव्याच्या खांबापाशी आपण उभे राहिलो. जिंकणारे येऊन गेले, त्यांचे फोटो झाले, बघणारे पांगले. ऊन डोक्यावर आलं. आणि मग ती आली, नायगावची केतकी. तेव्हा आपल्याला नावही ठाऊक नव्हतं. चाळिशीची, अंगाने जाडसर, ओठ पांढरे पडलेले, सगळ्यांच्या मागे एकटी. तू कठड्याखालून वाकून आत शिरलास आणि तिच्या बरोबरीने पळत लिंबू तिच्या तोंडाशी धरलंस.

तिने तोंड फिरवलं. "काका, नको, प्लीज. मला बाद करतील," म्हणाली. तोवर मोटारसायकलवरचा पंच शिटी वाजवत आलाच. बाहेरच्या माणसाने काही म्हणून द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, असा या खेळाचा नियम. आपल्याला काय माहीत? आपल्याकडे दमलेल्या खेळाडूला लिंबू दिलं नाही तर शिव्या पडायच्या. पंचाने तिचा नंबर लिहून घेतला, समज दिली आणि सोडलं. तू इतका ओशाळलास की कठड्यावर बसून राहिलास, आणि परत येताना पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकलीस, नॅपकिनसकट. मी बसस्टॉपपर्यंत हसत होतो. बस आली तेव्हा एवढंच म्हणालास, "आवाज तर देऊ शकतो ना? आवाजाला कोण बाद करणार?"

इथून माझं पोट दुखायला लागलं.

तिसऱ्या वर्षी तू रिकाम्या हाताने गेलास आणि त्या परक्या माणसांना ओरडायला लागलास, "हात लांब! हात लांब!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच राग. दत्ता, तो आवाज माझा होता.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी देतो. आपल्या मंडळाच्या संघात सात आत आणि पाच बाहेर. मी सातांत, तू पाचांत. एक-दोन नव्हे, सलग सात हंगाम तू बाकावर बसलास. मी चढाईला गेलो की तू रेषेला चिकटून उभा. कुणी माझी पकड केली, तिघे-चौघे अंगावर पडले, की मला खाली मातीशिवाय काही दिसायचं नाही. रेषा कुठे आहे तेही कळायचं नाही. मग तुझा आवाज यायचा, "विल्या, हात लांब!" आवाज ज्या बाजूने आला त्या बाजूला मी हात ताणायचो. दम सुटायच्या आत बोट मध्यरेषेला लागलं की अंगावरचे सगळे बाद.

नायगावच्या त्या अंतिम सामन्यात चौघे होते. माझा एक कान मातीत दाबलेला, दुसऱ्यात फक्त तू. बोट रेषेला लागलं की नाही हे मला पंचाने सांगितल्यावर कळलं. त्या एका चढाईवर मी बँकेत लागलो. खेळाडूंच्या जागांतून निवड झाली, तीस-बत्तीस वर्षं पंख्याखाली बसून पेन्शनला आलो. तू छापखान्यात मशीनवर उभा राहिलास, आणि तिथेच म्हातारा झालास. चषकाबरोबरचा आमचा फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. त्यात तू नाहीस, कारण फोटोवाल्याने सातच जणांना बोलावलं होतं.

एक प्रश्न मला तेव्हापासून विचारायचा होता. तू कधी माझ्यावर जळलास का रे? मी तुझ्या जागी असतो तर जळून खाक झालो असतो. तू पेढ्यांचा पुडा घेऊन आलास, माझ्या आईच्या पाया पडलास, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेलास. मी विचारलं नाही. नंतर ते विचारायचं वय गेलं असं वाटलं.

आणि साठीला आल्यावर तुला एकदम भाव आला. पळणाऱ्यांना तू खांबापाशी सवयीचा झालास. लांबून तुझी निळी टोपी दिसली की ते हात वर करायचे. कुणी टाळी द्यायचं, कुणी नुसतं "काका!" म्हणून पुढे जायचं. कफ परेडचा कोण तो इंग्रजी बोलणारा उंच माणूस, तोसुद्धा "हाट लाम" म्हणत तुझ्या अंगावरून जायचा आणि तू खूश. केतकी दिवाळीला घरी चकल्या घेऊन आली. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, पहाटे उठून नायगावहून शिवाजी पार्कला पळायला जाते, घरी सासू आजारी आहे, हे सगळं तुला पाठ. माझ्या मुलाचं लग्न कुठल्या महिन्यात झालं हे विचारलं असतं तर तुला सांगता आलं नसतं. वहिनी एकदा हसत म्हणाल्या, ह्यांना म्हातारपणी तिसरी मुलगी झाली. मीही हसलो. घरी येऊन मात्र बायकोवर उगाच चिडलो.

मी तुझ्या शेजारी उभा असायचो, पण मुकाट. मी कधी ओरडलोच नाही. आयुष्यात मला कुणासाठी ओरडावंच लागलं नव्हतं, इतरच माझ्यासाठी ओरडत आले.

मग आपलं ते भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, हे सगळे पोटभरल्यांचे चोचले आहेत. ज्या पाण्यात आपण गणपती पोहोचवतो त्यात हौसेने उड्या मारायच्या आणि वर पदक घ्यायचं. तू म्हणालास, केतकी कुठे रे पोटभरली? मी म्हटलं, तिचं सोड, तुझं सांग, तुला यात काय मिळतं? तू म्हणालास, "बघणाऱ्याचं पण एक काम असतं, विल्या." मी म्हणालो, "बघणाऱ्याला कोण विचारतो? त्याचं नाव कुठे छापून येतं?" तू चहा संपवलास आणि उठलास. सात हंगाम बाकावर बसलेल्या माणसाला मी हे बोललो, हे मला लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं. फोन करून सॉरी म्हणावं असं वाटलं. केला नाही.

आता गेल्या वर्षीचं. हे सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलो, बाकी सगळी टाळाटाळ चालली होती.

तुझी किडनी तोवर पार गेली होती. परळच्या हॉस्पिटलात आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि बाकीचे दिवस अंथरुणात. केतकी आधी दोनदा वेळेत पोहोचली नव्हती, शेवटच्या फेरीत वेळ संपली म्हणून तिला थांबवलं होतं. ही तिसरी खेप. तू मला बोलावलंस आणि माझा हात धरून म्हणालास, "तू जा. बाकी कुणासाठी नको. तिची शेवटची फेरी आली की फक्त आवाज दे. तिला माहितीय, तू उभा असशील." मी हो म्हटलं. तुझा हात सुजला होता, तो बाजूला ठेवला आणि हो म्हटलं.

मी गेलो नाही, दत्ता.

सकाळी तयार होऊन घराबाहेर पडलो. दादरला उतरलो, आणि पुढची बस घ्यायच्या ऐवजी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. दिवसभर क्रिकेटच्या नेट्स बघितल्या. दुपारी थालीपीठ खाल्लं. मनात एकच चाललं होतं, की इतकी वर्षं तो आवाज त्यांना फुकट दिलास, आता मी का द्यायचा? माझा आवाज तू पहिल्यांदाच मागितलास, आणि तोही तिच्यासाठी. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर मी अडून बसलो होतो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तुझ्याकडे आलो आणि सगळं रचून सांगितलं. खांबापाशी उभा राहिलो, ऊन कसलं होतं, ती शेवटून तिसरी आली, मी ओरडलो, तिने बघितलं, वेळ संपायला चार मिनिटं असताना पोहोचली. मला एवढं बेमालूम खोटं बोलता येतं हे मलाच नवीन होतं. तू डोळे मिटून ऐकत होतास. शेवटी एकच विचारलंस. "हात लांब केला तिनं?"

"केला," मी म्हटलं.

"बरं झालं," तू म्हणालास, आणि वहिनींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलंस.

निकाल काय लागला हे मी पाहिलं नाही. हिंमत झाली नाही. तूही पुन्हा तो विषय काढला नाहीस. फक्त जायच्या आधी पंधरवडाभर, डायलिसिसहून परत आल्यावर, एकदा म्हणालास, "पुढल्या वर्षी पण जा रे. ती तुला शोधेल." मी वैतागून म्हटलं, मला कशाला शोधेल, मी काय दत्ता आहे? तू म्हणालास, "गप रे मेल्या," आणि कूस बदललीस. ग्लानीत बोलतोयस असं मी धरून चाललो.

तर काल. निळी टोपी घालून खांबापाशी उभा राहिलो. पहिल्या तासाभरात दहा-बारा जणांनी लांबून हात वर केले आणि जवळ आल्यावर चेहरा बघून खाली घेतले. दोघे-तिघे पळता पळता "ते काका?" म्हणून विचारत होते. मी "गेले" म्हणत होतो. कफ परेडवाला उंच माणूस थांबलाच. त्याने घड्याळ बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली, क्षणभर उभा राहिला आणि मग पळत गेला. वेळेसाठी मरणारा माणूस तुझ्यासाठी अर्धं मिनिट थांबला. तेव्हाही मला काय वाटलं सांगू? मी मेल्यावर असं कोण थांबेल? बँकेत माझ्यामागे एक गोलाकार पेपरवेट राहिलाय, तोही बहुधा कुणी नेला असेल. तू जाऊनही मला जळवत होतास.

ओरडून बघितलं. आवाज आला नाही. घशातून नुसता खोकला आल्यासारखं झालं. शेजारच्या पोलीस बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

केतकी तिसऱ्या फेरीला माझ्याकडे एकदा बघून खाली मान घालून गेली. चौथी, शेवटची फेरी आली तेव्हा रस्ता जवळपास रिकामा होता. ती पळत नव्हती, चालत होती, एक पाय ओढत. माझ्यापाशी आली आणि कठड्याच्या पलीकडून, न थांबता, बोलायला लागली. मीही अलीकडून तिच्याबरोबर चालू लागलो.

"विलासकाका ना? मला तुम्हाला सॉरी म्हणायचं होतं," ती म्हणाली.

कसलं सॉरी, मला कळेना.

"मागच्या वर्षी मी इथपर्यंत आलेच नाही. सायकलचं टायर गेलं, नव्या सागरी रस्त्यावरच मला थांबवून पंचांच्या गाडीत घातलं. बारा वाजता बाहेर. मी दत्ताकाकांना फोन करून खूप रडले. ते म्हणाले, रडू नको, पण माझा विलास तिथं खांबाशी उभा असेल, तू दिसेपर्यंत तो हलायचा नाय. पुढल्या वर्षी त्याला पहिलं सॉरी म्हण." तिने श्वास घेतला. "तुम्हाला दिवसभर उन्हात उभं ठेवलं, काका. मला फार वाईट वाटलं."

दत्ता, म्हणजे दुपारपासून तुला ठाऊक होतं. ती पोहोचली नाही, या वळणावर आलीच नाही, हे ठाऊक असताना तू संध्याकाळी डोळे मिटून माझं सगळं ऐकून घेतलंस. ऊन, शेवटून तिसरी, चार मिनिटं, सगळं. "हात लांब केला तिनं?" असं विचारलंस तेव्हा तू मला परत यायला रेषा दाखवत होतास, आणि मी हात आखडून घेतला. आणि तरी तू "बरं झालं" म्हणालास. चहा पाजलास. वर्षभर एका शब्दाने टोचलं नाहीस. तिच्या मनात मला दिवसभर उन्हात उभा ठेवलास आणि मला बाद केलं नाहीस.

तिला खरं सांगावं असं मनात आलं. पण तिच्याकडे वेळ नव्हता. शर्यत संपते त्या कमानीवरचं मोठं घड्याळ लांबून दिसत होतं, सहा मिनिटं उरली होती, आणि ती चालत होती. मी तिला धरू शकत नव्हतो, पाणी देऊ शकत नव्हतो. माझे हात रिकामे होते, तुझ्यासारखेच.

"केतकी," मी म्हटलं, आणि मग ते निघालं. कुठून निघालं मला माहीत नाही. "हात लांब! केतकी, हात लांब!" पोलीस बाई दचकली. आवाज फाटका होता, तुझ्यासारखा भरदार नाही, मध्येच चिरकला. पण केतकीने मान वर केली आणि पळायला लागली. मी फुटपाथवरून तिच्या बाजूने पळत होतो, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर तुझी टोपी, आणि ओरडत होतो. एका म्हाताऱ्या जोडप्याने बाजूला होऊन मला वाट दिली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चढाई करणाऱ्यापेक्षा बाहेरच्याचा दम जास्त जातो. त्याच्या हातात काहीच नसतं, म्हणून. सात हंगाम तू हे केलंस.

कमानीखालून जाताना तिने खरोखर हात पुढे ताणला. तिला वाटतं तसंच करायचं असतं. दीड मिनिट उरलं होतं.

नंतर ती पदक गळ्यात घालून, लंगडत, मला शोधत आली. मला मिठी मारून रडली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी पण याल ना, काका?" मी हो म्हटलं. या वेळी खरं. मागच्या वर्षीचंही सांगून टाकलं, उभा नव्हतो, शिवाजी पार्कला बसलो होतो. ती म्हणाली, "ते दत्ताकाकांना माहीत होतं?" मी म्हटलं, होतं. ती डोळे पुसत हसायला लागली. पदक काढून तिने मिनिटभर माझ्या हातात दिलं, बघायला.

आज सकाळपासून माझा घसा बसलाय. बायको हळद-दूध देते आणि विचारते, एवढं कोणासाठी ओरडलात? वहिनींना टोपी परत द्यायला गेलो तर त्यांनी घेतली नाही. केतकीचा फोन येऊन गेला होता त्यांना, तिने सगळ्यांना सांगितलंय म्हणे की खांबापाशी आता विलासकाका असतात.

ऐकलंस ना, दत्ता? तुझी जागा, तुझी टोपी, तुझा आवाज, तुझी ती तिसरी मुलगी, सगळं मी घेतलं. आता तरी जळ माझ्यावर थोडा. एकदा तरी.